नवीन टोचलेलं नाक कसं सांभाळायचं: पहिल्या दिवसापासून चमकी बदलेपर्यंत

पंचवटीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नाक टोचलेल्या मुली दोनदा येतात. पहिल्यांदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, “नाकाला लावायला काहीतरी द्या” म्हणत. दुसऱ्यांदा दीड-दोन महिन्यांनी, चमकीच्या बाजूला मसूरडाळीएवढी लाल गाठ घेऊन. मधल्या काळात काय काय केलं असं विचारलं की यादी निघते. हळद, खोबरेल, डेटॉल, घरात पडलेली कुठलीतरी ट्यूब, मैत्रिणीने सांगितलेलं टी ट्री ऑइल, आणि रोज सकाळी आजीच्या देखरेखीखाली चमकी गोल फिरवणं.

यातलं जवळजवळ सगळं थांबवलं तर बहुतेक नाकं आपोआप बरी होतात. म्हणून खाली काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही आहे. क्रम मात्र उलटसुलट करू नका.

१. टोचण्याआधी: तारीख, माणूस आणि धातू

नाकपुडीची जखम बाहेरून पंधरा-वीस दिवसांत बरी दिसायला लागते. आतून भरायला साधारण ४ ते ६ महिने लागतात, कधी त्याहून जास्त. कातडी भोकाच्या दोन्ही तोंडांकडून आत भरत येते आणि मधला बोगदा सगळ्यात शेवटी तयार होतो. “माझं तर कधीच बरं झालं” असं महिन्याभरात म्हणणाऱ्यांचं फक्त तोंड बरं झालेलं असतं.

त्यामुळे तारीख मागे मोजून ठरवा. डिसेंबरात लग्न असेल आणि खरी नथ घालायची असेल, तर मे-जूनमध्येच टोचून घ्या. लग्नाच्या पंधरा दिवस आधी टोचून नथ घालायचा हट्ट धरलात तर फोटो छान येतील, पण पुढचे तीन महिने सूज पुरेल. तेवढा वेळ नसेल तर टोचणं लग्नानंतर करा आणि त्या दिवशी दाबाची नथ लावा. टोचलेल्या ताज्या नाकपुडीवर मात्र दाबाची नथही चालत नाही. चाप नेमका जखमेवर बसतो.

नाशिककरांसाठी आणखी दोन तारखा. रंगपंचमीला तिवंधा किंवा शनि चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायची असेल, तर हिवाळ्यात नाक टोचू नका. त्या रंगाच्या पाण्यात शेकडो माणसं उतरलेली असतात आणि तुमच्या नाकाला उघडं भोक असतं. रामकुंडातल्या डुबकीचंही तसंच. २०२७ च्या सिंहस्थात स्नान करायचं ठरलं असेल तर मध्ये किमान सहा महिने ठेवा.

टोचणारा सराफ बाजारातला सोनार असो की कॉलेज रोडवरचा स्टुडिओ, विचारायचं तेच. सुई नवी आहे का आणि पाकीट माझ्यासमोर फोडणार का? हातमोजे बदलणार का? दागिना ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेला, आहे का? स्पिरिटच्या वाटीत बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. बरेच सोनार सोन्याच्या तारेचंच टोक धारदार करून तीच तार नाकातून आरपार नेतात. हात बसलेला असतो त्यांचा, भोकही सरळ पडतं. पण ती तार आधी कुठे होती, हे विचारायला लाजू नका. गनने मात्र नाक टोचू नका. ती कानाच्या पाळीसाठी असते, बोथट खिळा जोरात घुसवते, आणि तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही.

धातू: इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचं, टायटॅनियम सगळ्यात बिनत्रासाचं. सोनं हवं असेल तर निकेल नसलेलं १४ किंवा १८ कॅरेट चांगलं. २२ कॅरेट मऊ असतं, त्यावर बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. चांदी ताज्या जखमेत नको, ती काळी पडते आणि तो काळेपणा कातडीत उतरू शकतो. एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही आणि चमकी तर ग्रॅमभरही भरत नाही. म्हणजे शिक्का नसला तर फसवणूकच झाली असं नाही. मात्र पावतीवर कॅरेट लिहून घ्या.

आधी डॉक्टरांना विचारा, जर: मधुमेह आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, गरोदर आहात, किंवा घरात कुणाला जखमेच्या जागी केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारे कडक व्रण, येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांत घेतलं नसेल तर तेही उरकून घ्या.

२. खुर्चीतून उठण्याआधी

आरसा मागा. चमकीची पाकळी बाहेरून कातडीत रुतलेली नको आणि आतली फिरकी नाकपुडीला घट्ट चिकटलेली नको. दांडीला एक-दोन मिलिमीटर मोकळीक हवीच, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत नाक सुजतं. मोकळीक नसली तर सूज दागिन्यालाच गिळते. एका मुलीची चमकी अशी अर्धी आत गेली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन काढावी लागली. आणि तिची मावशी काउंटरवर मला सांगत होती, “घट्टच बसवायला सांगितलं होतं हो आम्ही, पडू नये म्हणून.”

तपासा: बोट न लावता, नुसतं नाक हलवून दागिना किंचित मागेपुढे होतो का? होत नसेल तर तिथेच लांब दांडी मागा.

३. पहिले तीन दिवस: जवळजवळ काहीच नाही

थोडं रक्त, लाली, सूज, डोळ्यात पाणी आणणारा ठणका हे सगळं अपेक्षित आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन नको, त्याने रक्त जास्त वाहतं. बर्फ लावायचा तर स्वच्छ रुमालात गुंडाळून गालावर ठेवा, जखमेवर नाही. उशीचा अभ्रा धुतलेला घाला आणि दुसऱ्या कुशीवर झोपा.

“आंबट खाऊ नको, पू होईल” हे घरात ऐकू येईलच. आंबटाचा आणि पूचा काही संबंध नाही, चिंचेची आमटी खुशाल खा. मिसळीचा प्रश्न वेगळा आहे. झणझणीत रस्स्याने नाक वाहायला लागतं आणि आपण तर्री लागलेल्या त्याच हाताने नाक पुसतो. मिसळ खायचीच असेल तर टिशू डाव्या हातात धरूनच बसा.

४. रोजची सफाई

दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री. तिसऱ्यांदा करायची इच्छा झाली तर दाबून टाका. जास्त धुतल्याने कातडी कोरडी पडते, तडकते, आणि मग लाल झालं म्हणून आणखी धुतलं जातं.

आधी सामान. केमिस्टकडे नुसतं “सलाईन” मागू नका, “नॉर्मल सलाईन, ०.९ टक्के” मागा. एकदाच वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या अँप्युल मिळाल्या तर सगळ्यात सोपं. मोठी बाटली घेतलीत तर ती उघडल्यावर निर्जंतुक राहत नाही, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. महिनाभर बाथरूमच्या खिडकीत ठेवलेल्या बाटलीचा उपयोग झाडालाही नाही. आणि नाकात घालायचे ड्रॉप दिले तर लेबल वाचा. घटकांत सोडियम क्लोराइडशिवाय औषध असेल, तर ते सर्दीने चोंदलेलं नाक मोकळं करणारे ड्रॉप आहेत, जखमेचे नाहीत.

घरी करायचं असेल तर २५० मिली पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात सपाट पाव चहाचा चमचा साधं मीठ विरघळवा. तेवढंच. “जास्त मीठ म्हणजे जास्त स्वच्छ” या हिशोबाने चमचाभर टाकणारे भरपूर आहेत, त्यांची कातडी भाजल्यासारखी सोलते. चाखून पाहा, अश्रूंइतपत खारट लागलं पाहिजे. पाणी रोज ताजं करा. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर ते मिठासाठी वापरू नका, पिण्याचं पाणी घ्या.

सोबत गॉझचे तुकडे, इअर बड आणि साधे टिशू ठेवा. कापसाचे बोळे नकोत. कापसाचा एक तंतू फिरकीत अडकला की तो काढताना सगळं पुन्हा सोलवटतं.

आता क्रम.

पहिलं, आंघोळ, शॅम्पू आणि फेसवॉश सगळं आधी उरका. सफाई सगळ्यात शेवटी. आधी नाक साफ करून मग डोक्याला शॅम्पू लावला तर सगळा फेस ओघळत भोकातच जातो. ही चूक इतकी सरसकट आहे की मी आता गाठ पाहिली की पहिला प्रश्न हाच विचारते.

दुसरं, हात. साबणाने २० सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. नखं कापलेली हवीत. साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जीवाणू मुक्कामाला असतो. एरवी तो काही करत नाही. बोट नाकात घालून तेच बोट जखमेला लावलं की त्याला वाट मिळते.

तिसरं, गॉझ सलाईनमध्ये चिंब भिजवून चमकीवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं धरून राहा. घासू नका. ही दोन मिनिटं सगळे वाचवतात आणि मग कोरडी खपली नखाने उकरतात. भिजली की ती स्वतःहून सुटते. गॉझच्या कोपऱ्याने हलकेच पुसून घ्या. सुटली नाही तर राहू द्या, संध्याकाळी सुटेल.

चौथं, आतली बाजू. इअर बड सलाईनमध्ये बुडवून नाकपुडीच्या अगदी कडेला, फिरकीभोवती एकदा फिरवा. खोल घालू नका. एका बाजूसाठी वापरलेला बड दुसऱ्या बाजूला नको.

पाचवं, कोरडं करणं. टिशूने टिपा. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर, हातभर लांबून अर्धा मिनिट. पावसाळ्यात ही पायरी सोडली की ओलसर कातडी मऊ पडते आणि गाठीची सुरुवात तिथूनच होते. टॉवेल वापरू नका. त्याचे धागे अडकतात, आणि तो टॉवेल घरात आणखी कोण वापरतं हे तुम्हालाच माहीत.

थांबा: यात चमकी फिरवणं कुठेच नाही. “फिरवली नाही तर चिकटेल गं” असं आजी सांगतील. चिकटत नाही. आत जी नवी कातडी तयार होत असते ती बशीवरच्या सायीसारखी नाजूक असते. चमकी फिरवली की ती फाटते, आणि वाळलेली खपली दांडीबरोबर भोकात ओढली जाते. आजींना नाही म्हणणं अवघड जातं, हे कबूल. “डॉक्टरांनी सांगितलंय” एवढं म्हणा, वाद संपतो.

हळद, खोबरेल, डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, रोजचं बीटाडीन, अँटिबायोटिक मलम, यातलं काही नको. जंतुनाशकं जंतूंबरोबर नवी कातडीही मारतात. तेल आणि मलम भोक बुजवतात, वर धूळ चिकटते. खाज येते म्हणून घरातली स्टिरॉइडची ट्यूब लावू नका, त्याने जखम भरणं मंदावतं. माझ्याच दुकानातला माल न घेण्याचा सल्ला मी देतेय, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

५. दुसरा आठवडा ते दुसरा महिना: अडकण्याचे दिवस

आता दुखत नसतं, म्हणून लक्ष उडतं. आणि नेमकं याच काळात नाक सगळ्यात जास्त वेळा अडकतं.

नाशिकमध्ये पहिला गुन्हेगार स्कार्फ. गंगापूर रोडवर दुपारी स्कूटीवर जाणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं गुंडाळलेली असते. गुंडाळताना काही होत नाही. उतरल्यावर घाईत एका हाताने स्कार्फ ओढला की चमकी आधी येते आणि स्कार्फ नंतर. पहिले दोन महिने स्कार्फ नाकाखालून घ्या आणि वर पुढून काच असलेलं हेल्मेट घाला, ऊन-धूळ तेवढीच थांबते. स्कार्फ लागणारच असेल तर सुळसुळीत, विणीची जाळी नसलेला घ्या, रोज धुवा, आणि काढताना एका हाताने नाकापासून कापड लांब धरून दुसऱ्या हाताने मागची गाठ सोडा. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असेल तर ते आधी पुढे ओढून मग वर उचला.

शेतात काम करणाऱ्यांचं अजून वेगळं. दिंडोरीकडच्या एक ताई द्राक्षांच्या डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवण्याच्या, दिवसांत आल्या होत्या. दिवसभर हात वर, औषधाचे थेंब मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत, आणि तोंडाला बांधलेली ओढणी तीच, सकाळपासूनची. चमकीभोवती सगळं लालबुंद झालं होतं. त्यांना मी फक्त तीन गोष्टी सांगितल्या: दोन ओढण्या न्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला, पाठ खाजवली तरी चालेल पण हात धुतल्याशिवाय नाकाला लावू नका, आणि घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग सफाई. मलम मागितलं होतं, ते दिलं नाही. दोन आठवड्यांनी त्याच ताई मुलाचं खोकल्याचं औषध न्यायला आल्या तेव्हा नाक बरंच निवळलं होतं.

बाकी अडकण्याच्या जागा: गळ्यातून काढायचा टी-शर्ट किंवा कुर्ता, टॉवेल, चष्मा, आणि कडेवरचं बाळ. बाळांना चमकणारी गोष्ट सोडवत नाही. त्या काळात बाळ टोचलेल्या नाकाच्या विरुद्ध बाजूला घ्या.

पावडर, फाउंडेशन, सनस्क्रीन चमकीपासून बोटभर लांब ठेवा. सर्दी झाली तर जोरात शिंकरू नका, एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करा आणि त्यानंतर सलाईनचा एक हात फिरवा. पोहणं बंद.

अडकलंच तर: स्वच्छ गॉझने पाच ते दहा मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. रक्त थांबलं की सलाईन, आणि त्या दिवसापुरतं झालं. भरणं थोडं मागे जातं, घाबरायचं कारण नाही.

६. पाणी, पू की गाठ?

चमकीभोवती पांढरट-पिवळसर पातळ पाणी येऊन वाळतं ती लस. जखम भरताना ती येतेच, महिनोन् महिने अधूनमधून येऊ शकते. पू घट्ट असतो, हिरवट किंवा गडद पिवळा, वास येतो, आणि सोबत ठणका असतो.

गाठ आली की सगळ्या जणी केलॉइड म्हणतात. बहुतेक वेळा ती नुसती चिडलेली कातडी असते. भोकाच्या अगदी कडेला, लालसर, मऊ, कधी ओलसर. कारण हटवलं की काही आठवड्यांत बसते. कारण शोधा: चमकी फिरवता का, त्या कुशीवर झोपता का, दांडी फार लांब राहून हलते का, धातूत निकेल आहे का, सफाईनंतर ओलं राहतं का. केलॉइड भोकाची हद्द सोडून बाहेर पसरतो, कडक असतो, स्वतःहून कमी होत नाही. तो त्वचारोगतज्ज्ञांचा विषय. गाठ पिळू नका, सुईने फोडू नका, त्यावर लसूण किंवा टूथपेस्ट लावू नका. होय, लावतात.

लगेच कान-नाक-घशाच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, जर: लाली गालाकडे किंवा डोळ्याकडे पसरतेय, नाक गरम लागतंय आणि रोज जास्त दुखतंय, पू येतोय, ताप आहे, किंवा चमकी कातडीत रुतलीय. नाकाभोवतीच्या शिरांचा संबंध डोक्यातल्या शिरांशी असतो, म्हणून इथला संसर्ग “बघू उद्या” म्हणून टाळू नये. आणि जाताना दागिना स्वतः काढू नका. भोक वरून बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील.

७. चमकी बदलणं

सहा ते आठ आठवड्यांनी सूज उतरली की जिथे टोचलं तिथे जाऊन फक्त दांडी आखूड करून घ्या. लांब दांडी हलत राहते आणि अडकत राहते. ही बदली घरी करू नका.

स्वतःच्या हाताने बदलायची वेळ चार-सहा महिन्यांनी येते. तपासायचं असं: दोन आठवडे लस नाही, खपली नाही, दाबून दुखत नाही, आणि दागिना ओढ न लागता हलतो. चारही जमलं तरच. जड नथ त्यानंतरही आधी तासभर, मग एखाद्या कार्यक्रमापुरती, असं वाढवत न्या. पहिल्याच दिवशी मंगळागौरीच्या रात्रभर जागरणाला घातलीत तर भोक खाली ओढलं जातं.

बदलताना नवा दागिना आधी हाताशी, धुऊन, सलाईनमध्ये ओला करून ठेवा, मग जुना काढा. सहा महिन्यांचं भोकसुद्धा काही तासांत आकसतं. जुना रात्री काढून “उद्या सकाळी घालू” असं केलंत तर सकाळी पुन्हा टोचायला जावं लागू शकतं. आत जात नसेल तर जोर लावू नका, कोन बदलून बघा. तरीही नाही गेला तर टोचणाऱ्याकडे त्याच दिवशी जा. पहिल्या दोन महिन्यांत चमकी झोपेत पडली तरी हेच करा, स्वतः घुसवू नका.

आणि हे सगळं बेसिनवर करत असाल तर आधी बेसिनच्या भोकावर रुमाल टाका. फिरकी ज्वारीच्या दाण्याहून लहान असते आणि ती निसटली की सरळ पाइपातच जाते.